आमचा बुलेट पटात

९ जानेवारी

माही सोयरीक जमली म्हने! मले इचारलं कोनी? पाव्हणे रिसोडचे. पोराले बुलेट गाडी पायजे, बाकी काही नको म्हने. लय उपकार!

आमच्या घरी बुलेट हाये ना — गोठ्यात. पांढरा, रागीट, माह्या हातानं वाढवलेला. इंद्रभान काका फौजेत होता, त्यानं नाव ठेवलं. वासरू होता तवा दावं सोडलं की बंदुकीच्या गोळीवानी सुटे.

१० जानेवारी

बाबा बुलेटले इकून गाडी घेनार. मी जेवली नाही. आई म्हने, बैलासाठी कोनी रडते काय?

१३ जानेवारी

काकाजवळ मन मोकळं केलं. तो म्हने, शंकरपटात औंदा बायांच्या शर्यतीचा दिवस ठेवला, तूच हाक बैलांची जोडी. मी बाबाले तोंडावर इचारलं — पह्यला नंबर आला तं बुलेट राह्यते ना घरी? बाबा हसला. काकासमोर हो म्हटलं त्यानं. हसू दे!

१९ जानेवारी

सरावात छकड्यावरून पडली. कोपर फुटलं. चूक काकाची! त्यानं बुलेटचं शेपूट पिरगाळलं. आमच्या बुलेटले हात लावलेला चालत नाही — भर रस्त्यात बसला पठ्ठ्या. काका खेकसला, तरी हालेना. मंग मी नुसतं म्हटलं, चाल माह्या राजा. उठला आन सुटला! आता कोनी हात लावाचा नाही, फक्त मी बोलाचं.

२४ जानेवारी

उद्या पट. हरली तं बुलेट जाते, आन त्याच्या मांगं मी.

२५ जानेवारी

जिंकली!!! मी जिंकली!

झेंडी पडली आन मंग मले काही दिसलंच नाही. नुसती धूळ, दोन वशिंडं आन माहा आवाज. जोडीतला सोन्या जरासा मांगं पडत होता, बुलेटनं त्यालेही ओढत नेलं. बाजूच्या बाईनं बैलाले पुरानी टोचली तं तिची जोडी वाकडी गेली. मी बोलतच राह्यली — चाल राजा, घरी राह्याचं ना तुले, चाल!

भोंग्यावरून पुकारलं, शालिग्रामची पोरगी योगिनी पह्यली! आई येनार नव्हती. आली होती. पदर खोचून सगळ्यात पुढं उभी, गळा बसला तिचा. बाबानं बुलेटच्या अंगावर गुलाल टाकला, मंग माह्या डोक्यावर. मी मुद्दाम त्याच्याकडं पाह्यलं नाही, नाहीतं रडली असती.

२६ जानेवारी

रिसोडवाले सकाळीच हजर. पट पाह्यला म्हने त्यायनं. आता गाडी नको, नवरदेवाले हाच बैल द्या.

बाबा गोठ्यात चारा टाकत होता. मी दाराआड. बाबा मांगं न पाहता बोलला, "बैल बी नाही आन पोरगी बी नाही. चहा घ्या आन निंघा."