डावा पाय

लायल,

बेसबॉलच्या या बाद फेरीच्या पाच सामन्यांत तुमच्या संघाने मिळून चार धावा काढल्या. दोन सामने जिंकलात ते गोलंदाजांच्या जिवावर. पेपरवाले म्हणतात, बाद फेरीच्या दडपणाने तुमच्या बॅटी गोठल्या. दडपण कसलं? तुमच्या नऊच्या नऊ जणांची कुंडली मी समोरच्या संघाला लिहून दिली. माझी नोकरीच ती आहे.

आठ जणांवर पानंच्या पानं खर्ची पडली. तुझ्यासाठी एक ओळ पुरली: चेंडू अंगापासून लांब, बाहेरच्या कोपऱ्यावर टाका, याचा डावा पाय आपोआप दूर सरतो आणि बॅट पोचत नाही. एकवीस वेळा बॅट घेऊन आलास आणि एकवीस वेळा तसाच परत गेलास.

पाय का सरतो, ते तुझ्या प्रशिक्षकालाही ठाऊक नाही. तू नऊ वर्षांचा होतास. गॅरेजसमोर माझा चेंडू तुझ्या बरगडीत बसला. आईला मी सांगितलं, हातून सुटला. सुटला नव्हता. त्याच सकाळी बाबा माझ्यादेखत म्हणाले होते, "मोठा ठीक आहे, पण खरा हात धाकट्याचा."

काल तुझा फोन आला. "आत्ता तू त्यांचा माणूस नाहीस, माझा भाऊ आहेस. सांग ना, माझं चुकतंय काय?"

"काही नाही रे," मी म्हणालो. "आहे तसाच खेळ."

उद्या सातांपैकी सहावा सामना, हा चौथा हरलात की घरी. आई तुझ्या नावाचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसेल, आणि मी तिचा हात धरेन. हे पत्र मात्र टाकणार नाही. वाचलंस, तर पाय जागेवर ठेवशील.

तुझा मोठा भाऊ,
वॉरन