मिरचीला रडू द्यायचं नाही

४ जून
शेजारणीच्या दारावर लाथ घातली. अंगठ्याचं नख उखडलं. वाईट वाटत नाही. जिन्यात तिच्या पोराचा चेंडू माझ्या धाकटीने, मिरचीने, उचलला आणि बाईने तो हिसकावून घेतला — "लाडावून ठेवलीय नुसती!" मिरची रडली. ओठ निळे, नखं निळी, मान टाकली. तिथेच पायरीवर आडवी केली आणि तिचे दोन्ही गुडघे तिच्याच छातीशी दाबून धरले. श्वास आला तशी माझ्या दंडाला कडकडून चावली.

चावली, म्हणजे आहे. मग मी वर जाऊन लाथ घातली.

११ जून
हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला पुन्हा चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. पोर रडलं की ती वाट आणखी आवळते, रक्त फुप्फुसात न जाता तसंच अंगभर फिरतं. म्हणून निळी. गुडघे दाबले की रक्त परत फुप्फुसाकडे वळतं. नवरा मान हलवत होता. तो सगळ्यालाच मान हलवतो.

"ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर शक्यतो रडू देऊ नका."

तीन वर्षं दुसरं काय करतेय मी?

१५ जून
मिरचीने स्टीलचा पेला फेकून मारला. ताईच्या भुवईवर खोक पडली. ताई माझी थोरली, नऊ वर्षांची. तिने मिरचीला ढकललं. मिरचीने भोकाड पसरायला तोंड उघडलं आणि मी ताईच्या कानाखाली वाजवली. रक्त जिला येत होतं तिलाच. मिरचीच्या तोंडात लिमलेटची गोळी कोंबली, ती गप्प झाली.

ताईला दवाखान्यात नवऱ्याने नेलं. दोन टाके. मी मिरचीला सोडून जाऊ शकत नव्हते. खरं म्हणजे ताईचं तोंड बघायची हिंमत नव्हती.

१६ जून
ताई बोलत नाही. नको बोलू.

२ जुलै
ऑपरेशन रद्द.

त्याआधी दात तपासून घ्यायचे असतात म्हणे. दातांच्या डॉक्टरने मिरचीचा जबडा उघडला आणि म्हणाला, "हे काय करून ठेवलंय?" मागच्या दाढा किडून काळ्या. एका हिरडीत पू. "हा पू रक्तातून हृदयापर्यंत जातो. अशा तोंडाने छाती उघडत नाहीत."

रडू नये म्हणून गोळी. झोपताना गोळी, उठताना गोळी. हृदय सांभाळायचं म्हणून मीच तिचे दात खाल्ले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "गोळ्या कोण देत होतं?" मी गोळ्यांची बरणी उचलली आणि फेकली. त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटली. त्याने मला ढकललं, मी कपाटावर आपटले. मी उठून त्याचा शर्ट फाडला. पुन्हा त्याने. पुन्हा मी. त्याला मारून टाकावंसं वाटत होतं, आणि त्यालाही तसंच वाटत असणार.

मिरची टाळ्या वाजवत होती. ताई झाडू घेऊन काचा गोळा करायला लागली.

३ जुलै
पाठ काळीनिळी. नवऱ्याने मलम आणून ओट्यावर ठेवलंय.

९ जुलै
चार दाढा काढल्या. मोठ्या इस्पितळात, भूल देऊन, हृदयाच्या डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या. काढल्यावर मिरची रक्त थुंकत होती. मला म्हणाली, "घाण आई."

बरोबर आहे.

२० जुलै
गोळ्या बंद. मागते, मिळत नाही, रडते. आज दोनदा निळी झाली. दुसऱ्यांदा गुडघे ताईने दाबले. मिरचीने तिचे केस उपटले. ताईने गुडघे सोडले नाहीत. मग मीच ओरडले ताईवर — घट्ट दाब! ती दाबतच होती.

६ ऑगस्ट
उद्या सकाळी ऑपरेशन. हिरडी भरून आलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडद्याला ठिगळ लावू, वाट मोठी करू. धोका नाहीच असं मी सांगणार नाही."

त्यांनी नाहीच म्हणायला हवं होतं. खोटं का होईना.

७ ऑगस्ट
जिला ओरखडा येऊ दिला नाही, तिची छाती करवतीने उघडायला स्वतःच्या हाताने दिली. दार बंद झाल्यावर बाहेरची खुर्ची लाथाडली. पहारेकऱ्याने दंडाला धरलं, त्याला बोचकारलं. नवरा मध्ये पडला, पहारेकऱ्याची माफी मागितली आणि मला भिंतीशी घट्ट धरून उभा राहिला. मी त्याच्या खांद्याला चावले. त्याने सोडलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "झालं. ठीक आहे."

८ ऑगस्ट
नळ्याच नळ्या. पण नखं! तिची नखं गुलाबी आहेत. एकेक नख बघितलं. तीन वर्षांची झाली आणि मला तिचा रंगच माहीत नव्हता.

१४ ऑगस्ट
वॉर्डात आणलं. ताईलाही आत सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रडली तर रडू द्या. काही होत नाही. दात मात्र सांभाळा आणि तपासणीला येत राहा, मोठी झाली तरी." नवऱ्याने मान हलवली. ताईने विचारलं, "अजिबात काही होत नाही?"

"अजिबात नाही."

२ सप्टेंबर
मिरचीला ताईची पेन्सिल हवी होती. ताईने दिली नाही. मिरची जमिनीवर लोळण घेऊन किंचाळली आणि माझा हात आपोआप ताईवर उठला.

ताईने तो वरच्यावर धरला. जोर आहे तिच्यात. "आता ती रडली तरी मरत नाही, आई."

हात खाली घेता येईना. तिने सोडलाच नाही.