माझ्या पायलीची व्यवस्था

मी गोदाबाई, कैलासवासी खुशालराव यांची विधवा, राहणार अमरावती, वय साठीच्या आसपास. अंगात ताप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या भरीला न पडता लिहून ठेवते ऐसाजे.

शेते मुलगा वामनराव याची. कापसाचा भाव चढला त्या सालापासून तो सगळीकडे कापूसच पेरतो. "माय, ज्वारी काहून पेरतं? इकत घेऊ!" म्हणाला. त्याच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. त्याला आणखी काही देण्याची गरज नाही.

घर माझी विधवा सून जमुना हिचे. तिच्या पदरी दोन मुली आणि घरात दाणा पिकत नाही, याचीच मला काळजी आहे. म्हणून धान्य मोजायची माझी पितळी पायलीही तिलाच. जमुने, मुलींना जेवू घालून मगच बाजारात ने. उपाशी पोर दिसले की वाणी भाव सोडत नाही. भाजी दिवस मावळताना घे, माळीणबाईला टोपली परत न्यायचा कंटाळा असतो. तूर अख्खी घे, डाळ घरीच भरड. आणि पायली कापडाच्या चुंबळीवरच ठेव. जमिनीवर टेकली तर लक्ष्मी रुसते.

ओटा शेषराव वाणी यास दुकानासाठी, भाड्यावाचून. वीस वर्षे त्याचा डोळा माझ्या ओट्यावर आणि अंगठा मापात आहे. अट एकच: जमुनेला ज्वारी माझ्याच पायलीने, शिगोशीग, अंगठा बाहेर ठेवून मोजावी, तिच्या हयातीपर्यंत. चुकल्यास ओटा परत.

निशाणी बांगडी, गोदाबाई.
साक्ष: शेषराव वाणी, अट कबूल.
साक्ष: चंद्रभान, शेजारी.
लिहिणार: भगवंतराव जोशी.
मुक्काम अमरावती, फाल्गुन, शके १७८६.

सह्या वाळल्यावर बाईंनी सांगितले ते असे: पायलीचे बूड मी दोन सालांमागे तांबटाकडून बाहेर ठोकून घेतले आहे. मूठभर ज्वारी जास्त मावते. लक्ष्मीचा यात काही संबंध नाही. चुंबळ नसली तर पायली डुगडुगते. शेषरावा, आता सही फिरत नाही.

शेषरावाचे उत्तर त्याच्याच शब्दांत: "काकी, चुंबळ दिसली तवाच वळखलं होतं मी. म्हनून तुमाले भाव चढा लावत आलो. जमुनाबाईले साऱ्या गिऱ्हाइकासारखाच लावीन, अन् मापही याच पायलीनं देईन. सही कायम."

यावर बाई अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "दोन सालाचा फरक काढ आधी!" ताप उतरलेला दिसतो. सबब हा कागद तूर्त पेटीत ठेवला.