लाल पापुद्र्याचे केक

३ नोव्हेंबर, सोमवार

कुपनं! म्हणे कुपनं!

तुंगला लग्नाचे केक नकोत. "आई, आता कोणी पेट्या घेऊन नातेवाइकांची दारं वाजवत फिरत नाही. कुपन द्यायचं. ज्याला हवा तो मॉलमध्ये जाऊन केक घेईल." एकुलती एक लेक माझी, आणि तिच्या लग्नाची बातमी मी कागदाच्या चिटोऱ्याने द्यायची? चिटोरं काय चहात बुडवून खायचं? मी साफ सांगितलं — केक मुलाकडून यायचे असतात, ते खरेखुरे येतील, आणि येतील ते सेतो मास्तरांच्या बेकरीतूनच. लाल, पिवळे, पांढरे, सगळे.

तुंग म्हणाली, "तुलाच खायचेत, असं सांग ना!"

खायचेतच! नवरीच्या आईला कुठे बंदी आहे? लाल पापुद्र्याचा केक, आत कमळबियांचं सारण आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा बलक. तो समोर असताना हात आवरणं मला आजवर जमलेलं नाही. पांढरा मात्र नको. त्यातल्या अख्ख्या बिया दातात अडकतात. मी खादाड आहे. लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचायला येतंय!

शेवटी यात-हिमला फोन लावला. गुणी जावई. म्हणाला, "आई म्हणतील तसं." तुंगचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज झालं ते नीट लिहिते.

तीनला गरम ट्रे निघतात तेव्हा बेकरीत गेले, रोजच्यासारखी. ताटली घेतली, चिमटा घेतला. दोन अननस पाव उचलले. अंड्याचे टार्ट आले तसे सेतो मास्तर स्वतः बाहेर आले. मला ट्रेच्या कोपऱ्यातला टार्ट लागतो, कडेला जरा करपलेला. तो ते बाजूला ठेवतात. मी केकचं सांगितलं — यात-हिमच्या घरचे येऊन ऑर्डर देतील, बलक कोरडा नको, जुन्या पद्धतीचेच करा. "जुन्याच पद्धतीचे," म्हणाले. हात पुसत तिथेच उभे राहिले. पीठ नव्हतंच हाताला, तरी पुसत होते.

"फानताई, तुंग गेली की रात्री एकट्याच जेवणार?"

"मग काय, मांजर पाळू?"

"मी पण एकटाच जेवतो."

"बरं, मग?"

"मग... एकाच टेबलावर जेवू म्हटलं. लग्न करून. रीतसर."

चिमटा पडला हातातून! केवढा आवाज झाला! रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी ताटली तिथेच ठेवली आणि तडक घर गाठलं. दोन जिने चढल्यावर आठवलं, लिफ्ट आहे.

टार्टही तिथेच राहिला.

५ नोव्हेंबर, बुधवार

गेले नाही. चहाबरोबर डब्यातलं बिस्किट खाल्लं. मऊ पडलंय. शी!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही गेले नाही. गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड शिवला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आता विचारते स्वतःलाच. आवडतात का मास्तर? हो. घ्या, लिहून टाकलं. माणूस कमी बोलतो आणि बोलतो ते खरं बोलतो. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ह्यांचाही तिथे रोजचा फेरा असायचा. अननस पावात लोण्याची वडी बोटाएवढी जाड हवी म्हणून भांडायचे, आणि मास्तर हसत अजून जाड कापून द्यायचे. हे असते तर — पण हे असते तर प्रश्नच नव्हता. मूर्खासारखं काय लिहितेय!

नको म्हणायलाही कारणं पुष्कळ आहेत. पुन्हा कोणाचे मोजे शोधत बसायचं? साठीला टेकलेय मी. लेकीच्या पाठोपाठ आईचं लग्न — तिच्या सासरचे काय म्हणतील? आणि सगळ्यात वर वन्सं. ह्यांची थोरली बहीण. ह्यांच्या मागे त्यांनीच मला हात दिला, आणि त्याच हाताने आजवर माझ्या प्रत्येक गोष्टीत बोट घातलं. त्यांना कळलं तर माझी खैर नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गेले. पाच दिवस टार्टशिवाय, माणसाने किती सोसायचं!

मास्तरांनी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कोपऱ्यातला टार्ट पुढे केला. पैसे देताना हळूच म्हणाले, "घाई नाही. तुंगचं लग्न होऊ दे. मग सांगा, हो की नाही. तोवर माझ्यावरचा राग टार्टवर काढू नका."

"राग कोणाला आलाय?" मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

टार्ट लिफ्टमध्येच संपवला. जीभ भाजली. छान होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केक आले! यात-हिमच्या घरचे पेट्या घेऊन आले. नारळ, चहा, लाल कागद, सगळं रीतीप्रमाणे. घरात पाय ठेवायला जागा नाही, शिवणयंत्रावरसुद्धा पेट्या. पहिली पेटी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली, उदबत्ती लावली. वन्सं सकाळपासूनच येऊन बसल्या होत्या, कोणाला किती पेट्या जायच्या ते ठरवायला. त्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त गेल्या हे सांगायला नकोच.

आणि तेवढ्यात तुंगने काय करावं? पेटी उघडली, एक लाल केक घेतला आणि सरळ चावा मारला!

"थुंक!" वन्सं ओरडल्या.

"का?"

"नवरी आपल्या लग्नाचे केक खात नाही! खाल्ले तर आपलंच सुख खाल्लं! एवढंही शिकवलं नाही आईने?"

मी तिच्या तोंडापुढे हात धरला. "थुंक गं, बाई!"

"गिळला," तुंग म्हणाली आणि हसत सुटली. "आई, हे लोक इतका चांगला केक नवरीलाच खाऊ देत नाहीत? हा कुठला न्याय?"

मला हसू आलं, पण तिच्या हातातला उरलेला केक मी काढून घेतला. हसा कोणी हसायचं तर, पण माझ्या लग्नात मी एका तुकड्यालाही हात लावला नव्हता. तेव्हाही मी अशीच खादाड होते. पलंगाखाली पेट्या, खोलीभर वास, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. वन्संनी मग अपशकुन धुवायला पपनसाच्या पाल्याच्या पाण्याने तुंगला चूळ भरायला लावली. हे कुठल्या शास्त्रात आहे ते त्यांनाच ठाऊक.

चहाच्या वेळी वन्सं म्हणाल्या, "ऐकलंस का? त्या सेतोने या वयात गुडघ्याला बाशिंग बांधलंय म्हणे. मासळीवाली सांगत होती. बाई कोण ते कळत नाहीये."

मी लागोपाठ दोन केक तोंडात कोंबले. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लग्न झालं. दारात तुंगच्या मैत्रिणींनी यात-हिमला अडवून उठाबशा काढायला लावल्या, मोहरी लावलेला पाव खायला लावला. बिचाऱ्याने डोळ्यांत पाणी आणून सगळा संपवला. वन्संनी लेकुरवाळी हो म्हणून तुंगच्या गळ्यात सोन्याची डुकरीण घातली, पिल्लांसकट. मानेला भार होईल एवढी! दोघांनी गुडघे टेकून मला चहा दिला. रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले.

मास्तर जेवणाला आले होते. कोट घालून. कोटात अगदीच वेगळे दिसतात. एकदाही माझ्या टेबलाकडे बघितलं नाही. मीच बघत होते, तेव्हा खात्रीने सांगते.

३० नोव्हेंबर, रविवार

एवढीशी खोली, आणि आज केवढी मोठी वाटतेय.

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी दार वाजलं. मास्तर! हातात पेटी, लाल कागदात गुंडाळलेली. बूट काढले, पण आत आले नाहीत. मोज्यांवर तसेच दारात उभे. मोजे जोडीचे होते. दिसलं मला.

"केक मुलाकडून यायचे असतात," म्हणाले. "माझ्याकडे मोठं कोणी उरलं नाही. म्हणून मुलगाच घेऊन आलाय."

चौसष्ट वर्षांचा मुलगा! मला हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत.

"तोंडाने सांगायची गरज नाही, फानताई. उत्तर नाही असेल तर चहाबरोबर खाऊन टाका. मी वाईट वाटून घेणार नाही. टार्ट रोज ठेवीन, अगदी आधीसारखा. आणि हो असेल तर... नवरीने काय करायचं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे."

बूट घालून गेले. नाडी सुटलेली तशीच.

पेटी शिवणयंत्रावर आहे. वास येतोय. भिंतीकडे तोंड करून काही होत नाही, भिंतीलाही वास येतो.

२ डिसेंबर, मंगळवार

वन्सं आल्या होत्या. त्यांची किल्ली दारात फिरायला आणि माझी पेटी पँटींच्या गठ्ठ्याखाली जायला एकच गाठ पडली. चहा घेता घेता पुन्हा तोच विषय. "सेतोची ती बाई अजून कळली नाही बघ, विधवा आहे एवढंच कळलं. ज्या घरची असेल त्या घरच्यांनी तोंड कुठे लपवायचं? मेलेल्या नवऱ्याच्या फोटोला उदबत्ती लावायची आणि जेवायला दुसऱ्याच्या टेबलावर बसायचं!" माझी मान खाली बघून म्हणाल्या, "तुला काय झालं? डोकं दुखतंय?"

डोकं नव्हतं दुखत.

ठरलं. नकोच ते. आयुष्य चाललंय तसं ठीक आहे. तुंग रविवारी येईल. टार्ट रोज मिळेल, त्यांनी शब्द दिलाय. उद्या तीनला चहा करायचा, पेटी उघडायची, खायचं. विषय संपला.

रडू का येतंय कळत नाही. केक खाण्यापूर्वी मी आजवर कधी रडले नव्हते.

३ डिसेंबर, बुधवार

तीनला चहा केला, घट्ट, डब्यातलं दूध घालून. बशी मांडली. लाल कागद सोडवला. फाडला नाही.

सगळे लाल!

रीतीने पेटीत सगळ्या रंगांचे असतात. मी खालचा थर उचलून बघितला. एकही पिवळा नाही, एकही पांढरा नाही. सगळे लाल पापुद्र्याचे, माझे. आणि कडा — प्रत्येकाची कड जराशी करपवलेली! केकची कड कोणी करपवतं का? गिऱ्हाइकाला असा केक दिला तर तो तोंडावर फेकून मारील.

किती वेडा माणूस! हो म्हणवून घ्यायचं असतं तर पेटीभर पांढरे भरायचे. दातात अडकणाऱ्या बियांचे. मी त्यांना हातही लावला नसता, आणि काम फत्ते! पण याने काय केलं? मला न खाता राहवणारच नाही असे केले. माझ्या नकाराची वाट माझ्यासाठी एवढी गोड करून ठेवली. मी नाही म्हटलं तरी निदान चहा चांगला व्हावा म्हणून.

एक केक उचलला. पापुद्रा बोटाला लागला. तो मी चाटलासुद्धा नाही, ॲप्रनला पुसला.

केक परत पेटीत ठेवला. चहा नुसताच प्यायले. गार झाला होता.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पहिला केक ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. उदबत्ती लावली, जे सांगायचं ते सांगितलं. चार केक तुंगसाठी डब्यात काढले. उरलेली पेटी घेऊन वन्संकडे गेले. त्यांनी एक उचलला, चावणार तेवढ्यात थांबल्या. "अगं, तू घे की! लाल आहे, तुझ्या आवडीचा."

म्हटलं, "मला चालत नाहीत, वन्सं. माझेच आहेत."