आणखी सहा महिने

जुने शहर, अकोला
ता. २ मार्च १९६६

तीर्थरूप खुशालदादास,

मनकर्णाचा नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. नांदगावला हरभरा निघाला, गहू कापणीला आला, वाचून बरं वाटलं. रुख्मिणीवहिनींचे गुडघे दुखतात, तर निरगुडीच्या पाल्यानं शेकायला सांगा. इथे मोर्णेचं पाणी आटत चाललं आहे. शाळेत मुलींच्या परीक्षा जवळ आल्या, त्यामुळे मला उसंत नाही.

तुमचा उत्तम माझ्याकडे राहून अभ्यास करतो की नुसता हिंडतो, असं विचारलंत. लिहिते.

आधी तुमच्या अमरावतीच्या सभेबद्दल. मोठी झाली म्हणे. सरकारनं जिंकलेला मुलूख पाकिस्तानला परत दिला, फौज मागे घेतली, लढाई अर्ध्यात सोडली, असं तुम्ही गरजून सांगितलंत. हा सूर मी आधी ऐकलेला आहे. माझ्या गुणवंताच्या तेरवीला, माझ्याच अंगणात, जेवणाच्या पंगती उठल्यावर तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "सरकारनं घाई केली. आनखी सहा महिने लढाले पायजे होतं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेरवीला टाळ्या, दादा.

गुणवंत गेला तो लढाई थांबायच्या आदल्या दिवशी. तुम्हाला सहा महिने कमी पडले. मला एक दिवस जास्त झाला.

तो फौजेत जायला निघाला तेव्हा मी तुमच्या पाया पडले होते. हे वारल्यापासून त्याला तुमचाच काय तो धाक होता. मी म्हटलं, "दादा, त्याले समजवा. मायं एकच लेकरू हाये." तुम्ही हसलात. "देशाले पोट्टे लागतेत, मनू. घरात ठिवून काय लोनचं घालतं त्याचं?"

त्याच दिवशी उत्तमही भरतीच्या रांगेत उभा होता. त्याला तुम्ही दंडाला धरून घरी आणलंत. त्याला बी.ए. व्हायचं होतं म्हणे.

आता उत्तमचं. अमरावतीची सभा ऐकून तो रात्रीच्या गाडीनं परत आला, तो जेवलाच नाही. म्हणाला, "आत्या, बाबा म्हनतेत ते खरं असन, त मी काहून घरी बसून राहिलो? गुणवंतानंच मराव का?"

दादा, मी त्याला अडवू शकले असते. तो माझं ऐकतो. नुसतं "नको बापू" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, "जेव. मंग जाऊ."

भरतीच्या कॅम्पला मी त्याच्यासोबत गेले. साहेबानं विचारलं, घरचे राजी आहेत का? मी म्हटलं, "मी याची आत्या. याच्या वडिलांची तर फार इच्छा आहे." तुमचं अमरावतीचं भाषण पेपरात आलं होतं. साहेबानं ते वाचलं होतं. तुमचं नाव ऐकून त्यानं उठून मला खुर्ची दिली.

काल उत्तम फौजेच्या ट्रेनिंगला बेळगावला गेला. स्टेशनावर मी त्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडी हलली तरी त्याचा हात माझ्या हातात होता. पोराचा तळवा घामानं भिजला होता. डोळे सारखे माझ्याकडे होते. ओढला असता तर उतरला असता. मी हात सोडला.

घरी आले तेव्हा वाटलं, आता तरी रडू फुटेल. तसं काहीच झालं नाही. सप्टेंबरपासून मला झोप नव्हती. काल लागली. पहाटेपर्यंत गाढ झोपले.

तो सुखरूप यावा, असं मी देवाला अजून म्हटलेलं नाही. म्हणेन कधीतरी. आज माझ्या तोंडातून निघत नाही.

धावपळ करून त्याला सोडवून आणाल, तुमच्या ओळखी आहेत. जरूर आणा. मग पुढच्या सभेत लोकांना काय सांगाल, तेवढं ऐकायला मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

रुख्मिणीवहिनींनी माझं काही वाईट केलं नव्हतं. गुणवंत गेला तेव्हा महिनाभर त्या माझ्याजवळ निजल्या. त्यांच्यासाठी दोनदा कागद घेतला आणि दोनदा फाडला, म्हणून त्यांना वेगळं लिहीत नाही. त्यांना वाचता येत नाही. कुणा शेजाऱ्याला बोलावू नका. त्यांना समोर बसवा आणि तुम्हीच सांगा, सभेत बोलता त्याच आवाजात.

गुणवंताची आई,
मनकर्णा