कागदावरचा डाग

८ सप्टें., सोम.
सकाळी अंगणात पाववाला पोदेर घसरला. स्वतः सावरला, पण सायकल आडवी आणि उंडे मातीत. "बाय, गाडी परत तेल ओकली मगो!" जसं काही मीच ओकले. चार उंडे जास्त घेतले, लाजेपोटी.
गाडीखालच्या पेपरवर डाग उंड्याएवढा. शुक्रवारी लिंबाएवढा होता. पेपर घालायची पद्धत ह्यांची. डागाभोवती पेनाने गोल काढायचे, तारीख घालायचे. मीही काढते. काढून पुढे करायचं काय, ते त्यांनाच ठाऊक.
गेल्या वर्षी विचारलं होतं, कुठून गळतं हो? "माका ठावूक आसा, तू तुझी चूल बघ." मी दोन दिवस बोलले नाही. तेव्हा भांडून तरी विचारून घ्यायला हवं होतं.

१२ सप्टें., शुक्र.
म्हापसा. थेरपी. बाई कार्डं दाखवतात. कप, गाय, फूल. हे नुसते बघतात.
जूनमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे फार आशा धरू नका. तीन गेले.
पार्सेहून आठवड्यात तीन फेऱ्या. शेजाऱ्यांच्या गाडीत एकदा बसवायला गेलो तर डाव्या हाताने दार असं धरलं की दोघांना सोडवेना. ढसाढसा रडले. आपल्या गाडीत मात्र निमूट बसतात. म्हणजे गाडी बंद तर थेरपी बंद.

२० सप्टें., शनि.
दीर आला. "वयनी, ही गाडी काढून टाक." म्हटलं, भावाला आधी दुसऱ्या गाडीत बसवून दाखव, मग बोल. चहा पिऊन गेला.
डिचोलीला मिस्त्रीकडे. गडहिंग्लजचा माणूस, आमचे हे खाणीवर मशीन चालवायचे तेव्हा हा तिथेच रिपेअरला होता. दोन आठवड्यांपूर्वी वरचं पॅकिंग बदललं, फरक शून्य. म्हणाला, "पंधरा वर्साची टर्बोची गाडी हाय वहिनी. टर्बोची पाइप असंल, मागचं सील असंल. एकीकडचं तेल वाऱ्यानं दुसरीकडं जातंय. वरनं बघून कायबी कळत न्हाई." मग कशाला बघत होता तासभर?

२९ सप्टें., सोम.
मिस्त्रीने इंजिन धुतलं, सुकवलं आणि वर चक्क बाळाला लावायची पावडर मारली. "शनवारपर्यंत चालवा. बोनेट उघडू नका. तेल जिथनं येतंय तिथनं पावडरीत वाट काढंल."
पहिल्यांदाच कुणीतरी शहाणपणाचं बोललं. म्हापशापर्यंत गाडीत बाळंतिणीच्या खोलीचा वास. हे सारखे नाक वर करत होते.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
काय लिहू. हात तोडून घ्यावेत असं वाटतंय.
सकाळपासून हे जनेलाकडे बसून गजांवर डावा हात आपटत होते. नजर गाडीवर. दर दसऱ्याला पहाटे गाडी धुवायचे, आतून बाहेरून, इंजिनसुद्धा. मळक्या गाडीला कुंकू लावलेलं त्यांना कधी चाललं नाही. म्हटलं, यंदा मी. दोन बालद्या पाणी, साबण, जुना ब्रश. बोनेट उघडलं. पावडर दिसली मला. दिसली, आणि मळ वाटली! घासघासून काढली. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ.
हार घातला तशी आतून आवाज आला. हसत होते. जूननंतर पहिल्यांदा. अर्ध्या तोंडाने, पण हसत होते. मी ओल्या पायाने धावत गेले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.
दुपारी दीर आला, बोनेटमध्ये डोकावला. "वयनी, पावडर खंय?"

४ ऑक्टो., शनि.
मिस्त्री ओरडला असता तर बरं वाटलं असतं. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "चोराची पावलं तुम्हीच पुसलासा वहिनी."
परत मार म्हटलं पावडर. तर उद्या गावी निघालाय, दिवाळी करूनच येणार. दुसरा मिस्त्री या गाडीला हात लावत नाही.
बजावून सांगितलं त्याने: रोज तेलाचा गेज ओढून बघा, उतरलं तर भरा. टर्बोला तेल कमी पडलं की इंजिन गेलंच. "आणि कागद कोरडा दिसला म्हणून खुश होऊ नका. गळायचं थांबतंय कवा? एक तर भोक बुजल्यावर, न्हाईतर तेल संपल्यावर."

१३ ऑक्टो., सोम.
बोलले!!
गेज पुसून जनेलाकडे नेला, रोजच्यासारखी बडबडले, "बघा, परत उतरलं तेल." तर म्हणाले, "तेल." स्पष्ट. मी गेज टाकला खाली. शेजारी सांगून आले, दिराला फोन केला, पोदेरालासुद्धा सांगितलं.

१५ ऑक्टो., बुध.
थेरपीच्या बाईंनी कप दाखवला. "तेल." गाय. "तेल." फूल. "तेल." मग माझ्याकडे बोट केलं, ही कोण? माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तेल."
बाई म्हणाल्या, कधी कधी एकच शब्द असा अडकून बसतो. तो सुटला तर पुढचे येतात. कधी तो सुटतो आणि मागून काहीच येत नाही. मला चांगलं तेवढंच सांगा, असं म्हणणार होते.

२१ ऑक्टो., मंगळ.
दिवाळीचे पोहे केले. दही-पोहे ह्यांना भरवले. "तेल." हो, तेल. घाला दिव्यात तेल.

५ नोव्हें., बुध.
मिस्त्री आला, शनिवारी पावडर मारली, आज बघितली. दोन वाटा. एक टर्बोच्या खालच्या पाइपकडून, दुसरी मागून.
पाइपला पत्र्याची पट्टी, वर तार पिळून घट्ट केलेली. मिस्त्री बघतच राहिला. "हे सायबांचं काम." म्हणजे ह्यांना ठाऊक होतं ते खरंच. बांधून ठेवलं होतं, आणि हे आजारी पडल्यावर ते कुणी आवळलं नाही. त्याने नवीन पाइप, नवीन क्लिप घातली.
मागचं सील मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय नाही. आठ-दहा दिवस गाडी आत, आणि खात्री तो देत नाही. आठ-दहा दिवस म्हणजे चार फेऱ्या थेरपी. उरलाय महिना. राहू दे म्हटलं. डिसेंबरनंतर काय व्हायचं ते होवो.
तार घरी आणून ह्यांच्या हातात दिली. बराच वेळ बोटांनी फिरवत होते. विचारलं, मागूनही गळतं का हो? "तेल." मला रडू आलं. त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलंय, पण आज रडले.

१० नोव्हें., सोम.
डाग आहेच. लिंबाएवढा. गोल काढला, तारीख घातली.

१६ नोव्हें., रवि.
तापाने पाच दिवस आडवी. पेपर नाही, गेज नाही. बुध-शुक्र दिराने गाडी नेली, ह्यांना घेऊन. मध्ये स्वतःच्या कामाला वाळपईलाही जाऊन आला. गेज बघितलास? "मगो वयनी, विसरलों." तेल किती भरलंस? "भरूंक जाय आशिल्लें?"
म्हणजे थेंबही भरला नाही. उठून पेपर घातला गाडीखाली.

१७ नोव्हें., सोम.
पेपर कोरडा. उलटून बघितला, खाली मातीवर हात फिरवला. थेंब नाही.
जनेलाकडे नेऊन ह्यांना दाखवला. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोलले नाहीत. मीच म्हटलं, तेल? ओठ हलले नाहीत. पुन्हा म्हटलं. मग त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवला, गोल नसलेला.
दिराला फोन केला. शुक्रवारपासून गप्प आहेत म्हणे; मला तापात कळलंच नाही. त्याला वाटलं, थकले असतील.
साडेआठला निघायचं आहे. बोनेट उघडून ठेवलंय. फडकं हातात आहे. गेज अजून ओढलेला नाही.