जिवंत असल्याचा खुलासा

मृत्युपत्र लिहून ठेवते मी, सुगंधाबाई भ्रतार लोटन पाटील, वय साठीच्या आतबाहेर, धंदा शेती, राहणार बोदवड, जिल्हा पूर्व खानदेश. माझी अक्कल ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसते, दात कमी असले तरी ज्वारीची भाकर चावते, आणि मी कोणाच्याही दडपणाखाली नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे. तसेच मी जिवंत आहे. हे वाक्य मृत्युपत्रात घालायची रीत नाही, असे हा कागद लिहिणारा मोतीलाल म्हणतो. नसेल रीत. पण गेल्या थंडीत जळगावच्या 'खानदेश डंका' या साप्ताहिकाने मला ठार केले आणि ते अद्याप मागे घेतलेले नाही, सबब लिहिणे भाग आहे.

काळजी मला एकच आहे, ती आधी सांगते. माझा एकुलता मुलगा देवाघरी गेला. मागे सून कुंदाबाई. तिला मूलबाळ नाही, माहेरी वाट पाहणारे कोणी नाही. स्टेशनरस्त्यावरचे हे घर हाच तिचा आसरा. घर मी माझ्या माहेरचे दागिने मोडून माझ्या नावे खरेदी घेतले आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा कवडीइतका हक्क नाही. माझ्यामागे कुंदाला या घरातून कोणी उठवू नये. तसा प्रयत्न एकदा झाला आहे, तोही मी धडधाकट असताना, म्हणून खुलासेवार लिहिते.

आम्ही दोघी कपाशीची गाडी घेऊन जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यावर, गेलो होतो. जिनाचा भोंगा झाला, बैल बुजला आणि मी बोचक्यासारखी खाली आले. पाय मुरगळला. कुंदाने धावत जाऊन वेसण धरली म्हणून तेवढ्यावर भागले. मी बैलाला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या बाजाराने ऐकल्या आहेत, म्हणजे मी मेले नाही याला साक्षीदार भरपूर होते. 'डंका'चा इथला बातमीदार पुना हाही तिथेच होता. त्याला ओळीमागे पैसे मिळतात. आठवड्याचा अंक गाडीने आला, त्यात पहिल्या पानावर मोठ्या ठशात: 'बोदवडात भीषण अपघात! वृद्धा गाडीखाली चिरडून जागीच ठार! सुनेने बैल मुद्दाम उधळविल्याची कुजबुज!'

पुनाला मी कानाला धरून ओट्यावर आणला. रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, तुमची आन! मी तं फक्त पडल्याचं लिव्हलं व्हतं. जळगावले पोचता पोचता तुम्ही मेल्या."

अंक गावोगाव गेला. माझा भाऊ भटू भडगावचा. कुंदाच्या लग्नात त्याला फेटा उशिरा बांधला गेला, तेव्हापासून तो माझ्या दारात आला नव्हता, आणि मीही बोलावणार नव्हते. आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर घालायचे लुगडे माहेरहून येते. भटू ते लुगडे काखेत मारून, वाटेत रडत रडत बोदवडला उतरला. मी परसात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होते. मला पाहून तो तिथेच मटकन बसला.

"माय वं! बहीन, तू जित्ती शे?"

"मग वांगी कोण भाजतंय, तुझा आजा?"

"आते ह्या लुगडानं काय करू वं?"

"आण इकडे," मी म्हटले. "चांगल्या काठाचं दिसतंय."

मी ते त्याच दिवशी नेसले. आजही तेच नेसून बसले आहे. भटू तेव्हा जो हसायला लागला तो भाकरी थापून होईपर्यंत हसतच होता.

आता चुडामण. हा माझ्या दिराचा मुलगा, जळगावला अडत्याकडे कारकून. शेत कुटुंबाचे आहे, ते माझ्यामागे त्याच्याकडेच जायचे, त्याला माझी ना नाही. पण त्याच्या अडत्याला स्टेशनजवळ गोदामाला जागा हवी होती. ज्याने मेलेल्याला पाणी दिले तो वारस, असे आमच्यात मानतात. दुसरा कोणी पुढे सरसावायच्या आत चुडामणने पेपर वाचल्या वाचल्या मेहरूणच्या तळ्यावर जाऊन डोके भादरले, मिशी उतरवली आणि मला तीन ओंजळी पाणी दिले. प्रेत नाही, राख नाही, पेपर तेवढा होता! मग पेपरचा तुकडा खिशात घालून तो आमच्या दारात आला, आणि आत न डोकावता कुंदाला म्हणाला, "वहिनी, तेराव्यापर्यंत राहा. पुढं तुमची सोय तुम्ही बघा. गावात काय बोलतात ते तुम्ही वाचलंच असेल."

मी आतून विचारले, "चुडामण, भरीत तिखट करू का बेताचं?"

तो ओट्यावरून पडायचाच राहिला. पेपर वाचून दारावर बसायला, दुखवट्याला, आलेली सगळी पाहुणे मंडळी पोट धरधरून हसली. भरीत, पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरी खाऊन माझे सुतक फिटले. चुडामणनेही दोनदा मागून घेतले. पोरगा मनाने वाईट नाही, उतावळा आहे.

पण कुंदा हसली नाही. ती चौकटीला धरून उभी होती. पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "आत्या, तुम्ही खरंच गेल्या असत्या तं मी कुठी गेली असती? आन् लोक म्हनले असते, इनंच मारलं." ज्या पोरीने वेसण धरून मला वाचवले, तिच्या माथी हे!

तेव्हा दोघी जळगावला 'डंका'च्या कचेरीत गेलो. संपादकांनी खुर्ची दिली, पाणी दिले. खुलासा छापा म्हटल्यावर म्हणाले, "बाई, मरण ही बातमी आहे. जिवंत असणे ही जाहिरात. जाहिरातीचा दर पडेल."

"म्हणजे मेले ते फुकट, आणि जगायचं तर पैसे मोजून?"

"काय करणार? मरणाने अंक खपतो. तुमच्या जगण्याने कोण घेणार?"

"आणि माझ्या सुनेचं नाव घेतलंत ते?"

"आम्ही कुठे नाव घेतले? कुजबुज लिहिले."

मी एक छदाम दिला नाही. पुढच्या आठवड्यात अंक आला: 'मृत वृद्धेचे भूत आमच्या कचेरीत! संपादक थोडक्यात बचावले!' बोदवड स्टेशनवर तो अंक गाडी सुटायच्या आत संपला. मलाही मिळाला नाही, मोतीलालकडून मागून आणला. गल्लीतली पोरे माझे पाय उलटे आहेत का पाहायला आली. मी लुगडे वीतभर वर करून दाखवले. एक सुजलेला होता, पण दोन्ही सरळ होते.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर एक शिस्त आहे. संध्याकाळी गाडीने पेपर आला की कुंदा मोठ्याने वाचते, पण आधी जाहिराती, मग बातम्या. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, तेव्हा आधी पोळी कोणाची ते कळू द्यावे. चुडामणच्या अडत्याची पानभर जाहिरात असली की आतल्या पानावर कपाशीचा बाजार हमखास पडलेला असतो, आणि ओट्यावरची मंडळी गाड्या जुंपत नाहीत, आठवडाभर थांबतात, तोवर भाव परत वर आलेला असतो. माझ्या मरणाच्या अंकातही पहिल्या पानावर त्याच अडत्याची जाहिरात होती. यावर माझे म्हणणे काही नाही. मोतीलाल म्हणतो, लिहिले तर अब्रूनुकसानी होईल. म्हणून मी कुजबुज म्हणते.

खोटे कशाला बोलू, पेपर मला आवडतो. एखाद्या आठवड्याला आला नाही तर जेवण गोड लागत नाही. चहाडखोर शेजारीण आपण दारात बसवून घेतोच की! फक्त तिच्या सांगण्यावरून कोणी डोके भादरू नये.

आता व्यवस्था. माझ्यामागे ओट्यावर पेपरवाचन चालू ठेवावे. खर्च माझ्या म्हशीच्या दुधातून करावा. म्हैस कुंदाकडे राहील. ओट्यावर कोणाही दुकानदाराची, अडत्याची, औषधवाल्याची पाटी लावू नये, मग तो कितीही गोड बोलो.

पुना यास माझ्या दोन शेळ्या. घरी दूधदुभते असले म्हणजे त्याला ओळी लांबवाव्या लागणार नाहीत. माझ्या मरणाची बातमी त्याने लिहू नये असे माझे म्हणणे नाही. लिहावी, पण आधी येऊन पाहावे.

भटूवर माझा जो राग होता, तो वारसाहक्काने कोणालाही जात नाही. तो संपला. फेट्याचे देणे राहिले होते, तेही मी या आखाजीच्या सणाला त्याला सगळ्या भडगावसमोर बांधून फेडले.

'डंका'च्या संपादकांस माझा डावा जोडा. उजवा मी त्यांच्या कचेरीतून निघताना तुटला. (हे कलम गाळावे अशी मोतीलालने हात जोडून विनंती केली. ठेव म्हटले.)

मला पाणी कुंदाने द्यावे. थंडीचे दिवस असतील तर माझ्या दिवसांना भरीत करावे. नसतील तर खिचडी, पण वर तेल हात आखडून घालू नये. रडणारांनी जेवून मग रडावे.

राहता राहिले घर. मोतीलालने ते पहिल्या कलमात घातले होते, 'माझ्या पश्चात दरोबस्त कुंदाबाईस' असे. मी ते खोडायला लावले. तो घाबरला, म्हणाला, "काकू, ज्यासाठी एवढं मांडलं तेच काढता?" मी म्हटले, बाबा, छापील कागदाने मला जितेपणी मारले. मेल्यावर या लेखी कागदाला कोणी खोटे ठरवले, तर मी काय चितेवरून उठून खुलासा करू? जे द्यायचे ते डोळ्यांदेखत द्यावे. सबब परवा भुसावळच्या रजिस्ट्रार कचेरीत जाऊन हे घर, ओटा व परसासह, मी कुंदाबाईला बक्षीसपत्राने देऊन टाकले आहे. तिने उद्या पाट लावून दुसरा संसार मांडला तरी घर तिचेच. सून म्हणून दिलेले नाही, ती माणूस म्हणून चांगली आहे म्हणून दिले आहे.

परतीच्या गाडीत ती डोळे पुसत होती. म्हणाली, "आत्या, आता तुम्ही माह्या घरी ऱ्हायता. मंग माह्यं ऐका लागीन."

मी म्हटले, ऐकते बाई. बोल.

"दुपारी निजत जा."

सासरी आल्यापासून मला दुपारी निज म्हणणारे कोणी भेटले नव्हते. काल मी जेवून आडवी झाले ती दिवे लागेपर्यंत उठले नाही.

म्हणून आज मृत्युपत्राने द्यायला माझ्याकडे फारसे काही उरलेले नाही, आणि त्याचा मला फार आनंद आहे. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही घेता येत नाही, असा कायदा मोतीलालने सांगितला. तो ऐकताच मी चुडामणला जळगावहून बोलावून घेतले. त्याला द्यायचा आरसा, नवी मिशी पाहायला, आजच हातात दिला. येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून ठेवले, ते वाचून दाखवले, ऐकले, खरे आहे.

बोदवड, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, शके १८५९, तारीख ९ डिसेंबर १९३७.

सुगंधाबाई भ्रतार लोटन पाटील, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

दस्तुर मोतीलाल, बाँडरायटर. मजकूर बाईंच्या तोंडचा आहे. जोड्याच्या कलमाची जबाबदारी माझ्यावर नाही.

साक्ष: भटू, राहणार भडगाव, सही.

साक्ष: चुडामण, राहणार जळगाव. काकूंनी आणखी एक ओळ माझ्या हातची मागितली, ती कुंदावहिनींसमोर लिहितो: घर वहिनींचे आहे. सही.